सत्तावीस वह्या, एक खलास

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

मिळालं!! मजलिस मला मिळालं!

सकाळच्या मीटिंगमध्ये शहनाझ मॅम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मजलिस केया देखेगी. जो पूछे, उसे जवाब देना." मॅम आमच्या लॉ फर्मच्या पार्टनर. आणि मी जॉइन होऊन पाच महिने! प्रोबेशनसुद्धा याच महिनाअखेर संपतंय. उझैर — सीनियर वकील, जिभेला धार — मागून म्हणाला, "मुबारक हो, मॅडम सिस्टिम." म्हण काय म्हणायचं ते!

मजलिस म्हणजे आमची नवी सिस्टिम. फायली, प्रश्न, उत्तरं, तारखांचे रिमाइंडर — सगळं एका जागी. नाव मी सुचवलेलं. अरब घरात सगळे मिळून बसतात ती खोली. आत्तापर्यंत आमच्याकडे काय होतं? ईमेल, अठरा व्हॉट्सॲप ग्रुप आणि ॲम्ब्रोज अंकल.

अंकल फर्मचे क्लार्क. अठ्ठावीस वर्षं! कुठला कागद कशामुळे परत येतो, कुठल्या ट्रान्सलेटरचा शिक्का चालतो, कुठल्या क्लायंटचं नाव अरबीतून इंग्लिशमध्ये चार प्रकारे लिहिलं जातं — सगळं त्यांच्या डोक्यात. आणि तीस तारखेला ते रिटायर. थेट घरी. त्यांच्या मिसेस, सुझी आंटी, आधीच इंडियाला गेल्यात.

म्हणजे तीस दिवस. अंकलच्या डोक्यातलं सगळं मजलिसमध्ये आलं पाहिजे. नाहीतर ते सामानाबरोबर विमानात जाणार. मॅम म्हणाल्या, "यही तुम्हारा काम है, बेटा. बाकी सब डेकोरेशन."

(ही डायरी फोनवर लिहितेय, कार-लिफ्टमध्ये, म्हणजे पैसे भरून रोज शेअर करायच्या गाडीत. अल मजाज ते ऑफिस सव्वा तास, शारजाचं ट्रॅफिक! मराठीत अशासाठी की शेजारी बसणाऱ्या तिघांनाही वाचता येत नाही. मी इंग्लिश अक्षरांत टाइप करते, कीबोर्ड त्याचं मराठी करतो. वेलांट्या त्याच्या, चुका माझ्या.)

मंगळवार, २ सप्टेंबर

आज कळलं — अंकल मराठी!!

पाच महिने आम्ही हिंदीत बोलत होतो. आडनाव तुस्कानो, मला वाटायचं गोव्याचे. आज मी फोनवर आईला सांगत होते, "अगं, डबा उघडलाच नाही अजून," तर मागून आवाज — "उघड मग, बाय. भूक लागली नाही का?"

मी म्हटलं, "अंकल, तुम्ही मराठी? आणि बाय काय? आत्ता तर आलात!"

हसून हसून खोकायला लागले. "आमच्या वसईत मुलीला बाय म्हणतात. जायला नाही सांगत तुला."

मग ट्रेनिंग. लॅपटॉप उघडून दिला. हे वाचा, मग इथे टाइप करा, सोप्पंय. अंकलनी वरचा खिसा चाचपला, खालचा चाचपला. चष्मा घरी विसरला! "तू वाच. मी ऐकतो." मी मुखत्यारपत्राची अख्खी चेकलिस्ट वाचली. ऐकता ऐकता त्यांनी दोन चुका काढल्या. ती चेकलिस्ट गेली चार वर्षं सगळे वापरतायत!

बुधवार, ३ सप्टेंबर

परत चष्मा विसरले. रोज इंटरनॅशनल सिटीवरून बस पकडून येतात, घाईत राहतो म्हणे. उद्या फोन करून आठवण करणार!

गुरुवार, ४ सप्टेंबर

फोन केला. "हो हो, घेतो," म्हणाले. आले — चष्म्याशिवाय. जाऊ दे, आज त्यापेक्षा मोठी गोष्ट झाली.

वह्या!

उझैरला एका जुन्या केसची तारीख हवी होती. अंकलनी खालचं कपाट उघडलं. आत वह्या — पिवळ्या पुठ्ठ्याच्या, पाठीवर नंबर घातलेले. सत्तावीस! एकोणिसावी काढली, चार पानं उलटली, बोट ठेवलं. तारीख. दहा सेकंद! मी शेजारून बघितलं तर सगळं मराठीत. हाताने लिहिलेलं. अठ्ठावीस वर्षांचं.

अंगावर काटा आला. लोक नॉलेज मॅनेजमेंटवर कॉन्फरन्स घेतात, आणि आमचं नॉलेज खालच्या कपाटात, झाडूच्या शेजारी!

अंकल पुढच्या टेबलावर गेल्यावर उझैर हळूच म्हणाला, "चाचा बहुत शाने हैं. मराठी उनका पासवर्ड है. किसी को समझे नहीं, तो कोई निकाले नहीं." मला पटलं नाही... थोडं पटलं. मी पण ही डायरी मराठीत का लिहितेय?

मॅमना सांगितलं. त्यांचे डोळे एवढे! "तुम पढ़ सकती हो ना?"

"येस मॅम. ऑफ कोर्स!"

ऑफ कोर्स. शाळेत हिंदी होतं, त्यामुळे अक्षरं येतात. छापलेलं मराठी वाचते, हळू. हाताने लिहिलेलं म्हणजे मुंग्या. पण येईल! रोज वाचलं की येईलच.

मंगळवार, ९ सप्टेंबर

काल अंकलची सुटी होती, मदर मेरीचा सण. आज सगळ्यांना केक. माझ्यासाठी मोठा तुकडा वेगळा ठेवला होता.

आणि आज मला एकदम आयडिया आली!!

मजलिस कोणी वापरत का नाही? कारण अंकल आहेत! फोनवर "अंकल, हे कसं?" विचारलं की अंकल लगेच व्हॉइस नोट पाठवतात. मग मजलिस कशाला उघडतील? म्हणून नवा नियम: अंकलला व्हॉट्सॲप बंद. प्रश्न मजलिसमध्येच टाकायचा. अंकल मला तोंडी सांगणार, मी टाइप करणार. आणि अंकल वकिलांना तारखांचे फोन करतात ना — "दहा दिवस राहिले हां, सर" — ते पण बंद. रिमाइंडर मजलिस देईल.

मॅम म्हणाल्या, "डन."

अंकलनी हातातला फोन टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, "फोन पण नको?"

"नको, अंकल. नाहीतर लोक कधीच शिकणार नाहीत."

"बरं, बाय. तुझी सिस्टिम."

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मागच्या आठवड्यात अकरा प्रश्न. या आठवड्यात एकशे चाळीस!!!

उझैरने स्वतः तीन टाकले. तिसरा — "चाचा ने आज केक क्यों नहीं दिया?" तोही मोजला. प्रश्न तो प्रश्न!

अंकल बोलतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. कंपनीच्या लायसन्सवर नाव वाचू नकोस म्हणाले, आधी सहीवाल्याचं, म्हणजे कंपनीतर्फे सही करणाऱ्याचं, नाव वाच. एकदा एका कंपनीविरुद्ध केस लढत असतानाच दुसऱ्या कंपनीचं काम आपण घेणार होतो, दोन्हीकडे सहीवाला एकच, फक्त स्पेलिंग वेगळं! तेव्हापासून वहीत सहीवाल्यांची वेगळी यादी. मी म्हटलं, "अंकल, हे सोनं आहे." म्हणाले, "सोनं कुठलं. एकदा बोलणी खाल्ली ना, मग लक्षात राहतं."

एक गंमत — वहीत लिहिताना त्यांना चष्मा लागत नाही. सवय म्हणे.

सोमवार, १५ सप्टेंबर

वह्यांचं काम जोरात! क्लायंटचे कागद घरी न्यायला परवानगी नाही, त्यामुळे रोज लंचमध्ये वाचते. वेगही वाढला. रिझन: पॅटर्न सापडला!

प्रत्येक केस अर्धं पान. वर नाव आणि नंबर, मग तारखा, आणि काही पानांवर खाली मोठ्या अक्षरात — खलास. बॉक्स करून. पुढे बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, जोडाक्षरं आणि घाई, ते मला लागत नाही. पण खलास लागतं! खलास कोणाला कळत नाही? टॅक्सीवाला म्हणतो, कराक चहावाला म्हणतो, बाबा जेवण झाल्यावर म्हणतात. खलास म्हणजे संपलं.

म्हणजे अंकलनी बंद केसेस आधीच मार्क करून ठेवल्यात!! मी शेवटच्या दोन वह्यांमधल्या सगळ्या खलास शोधल्या. एक्केचाळीस. मजलिसमध्ये एक्केचाळीस केसेस "क्लोज्ड". हिरवी टिक, हिरवी टिक, हिरवी टिक! स्क्रीन कशी स्वच्छ झाली. बंद केसचे रिमाइंडर पण आपोआप बंद. वकिलांना उगाच त्रास नाही.

बारीक अक्षरांचं अंकलना विचारावं असं एकदा वाटलं. पण मी मॅमना ऑफ कोर्स म्हटलं होतं. आणि अंकल म्हणतील, मराठी पोर आणि एवढं वाचता येत नाही?

बुधवार, १७ सप्टेंबर

मॅमनी माझा ग्राफ लंडनच्या ऑफिसला पाठवला!!! वेदला दाखवला. माझा लहान भाऊ, कौतुक करायचं माहीतच नाही. "कूल. कॅन आय हॅव युअर चार्जर?"

शुक्रवार, १९ सप्टेंबर

परत परत चुकीचं टाइप होतंय. कीबोर्ड भलतेच शब्द सुचवतोय.

अकराला मिथुनदा आले. रास अल खोरमध्ये त्यांचं गॅरेज आहे. जागेच्या मालकाने जागा खाली करायची केस टाकली होती आणि आपण हरलो. निकाल लागला तेव्हा त्यांचे वकील, मधू सर, केरळमध्ये सुटीवर होते. मिथुनदांच्या हातात मिठाईचा डबा. रिसेप्शनवर उभे राहून, एवढा मोठा माणूस, हळू आवाजात — "मॅडम, हमारा अपील हो गया ना?"

मधू सरांनी मजलिस उघडलं. हिरवी टिक. क्लोज्ड.

"क्लोज्ड? हू क्लोज्ड इट?"

मी उठले. माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "मी. वहीत खलास लिहिलंय."

अंकल कपाटाजवळ होते. सत्ताविसावी वही घेऊन आले, टेबलावर उघडली. खलासवर बोट ठेवलं आणि मग पुढच्या बारीक अक्षरांवर. मला वाचून दाखवलं. हळू, एकेक शब्द.

"खलास — कोर्टाचं. आता आपली पाळी. अपील, मधू सर, बावीस तारखेपर्यंत."

कोर्टाचं! निकाल आला की काउंटरवरचा माणूस अंकलना म्हणायचा, खलास. म्हणजे त्याचं काम झालं. अंकल तोच शब्द वहीत लिहायचे, आणि त्या दिवसापासून आपले दिवस सुरू! जिथे घड्याळ सुरू होतं, तिथेच मी ते बंद केलं. एक्केचाळीस वेळा. आणि अंकल फोन करून सांगायचे, ते पण मीच बंद केलं.

बावीस म्हणजे सोमवार.

मिथुनदा विचारत होते, "कुछ प्रॉब्लेम है क्या?" मधू सर म्हणाले, "नो नो. आप चाय पीजिए." आणि माझ्याकडे बघितलंच नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवार, २० सप्टेंबर

सगळे ऑफिसात. सुटीच्या दिवशी! मधू सर अपील लिहितायत, उझैर अरबी ट्रान्सलेशन बघतोय, अंकल आणि मी एक्केचाळीस केसेस एकेक करून. ते वहीतून वाचतात, मी मजलिसमध्ये उघडते. अडतीस खरंच संपलेल्या. तीन जिवंत. दोन केसेसना अजून वेळ आहे. तिसरी मिथुनदांची.

उझैर एकदाही मॅडम सिस्टिम म्हणाला नाही. त्यानेच जास्त रडू आलं. दुपारी बिर्याणी मागवली आणि माझ्या पुढ्यात अंडं ठेवून म्हणाला, "खा लो. खलास नहीं हुई हो अभी."

रविवार, २१ सप्टेंबर

४.१० — अपील ऑनलाइन दाखल. नंबर आला!!!

मधू सरांनी स्क्रीनचा फोटो मिथुनदांना पाठवला. मिथुनदांचं उत्तर: हात जोडलेले सात इमोजी. बाकी काही नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

मॅमच्या केबिनमध्ये दार लावून. मी पाठ करून गेले होते, सगळं विसरले. एवढंच म्हणाले की मॅम, मला हाताने लिहिलेलं मराठी नीट वाचता येत नाही. मी ऑफ कोर्स म्हटलं ते खोटं होतं. जे वाचता आलं ते घेतलं, जे नाही आलं ते सोडून दिलं.

मॅम बराच वेळ पेन फिरवत होत्या. "गलती पढ़ने की नहीं है, केया. नहीं आता तो पूछ लेतीं. सिस्टिम में अंदाज़ा डालोगी तो वो अंदाज़ा नहीं दिखता, हरी टिक दिखती है." प्रोबेशनचं काय ते तीस तारखेला बघू, म्हणाल्या. अंकलचे फोन आजपासून परत सुरू.

मग अंकलकडे गेले. पँट्रीत चहा करत होते. त्यांनाही तेच सांगितलं. मला वाचता येत नाही अंकल, लाज वाटली, म्हणून तुम्हाला विचारलं नाही.

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. चमचा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली असेल.

"कधीपासून वाटते लाज?"

"शाळेपासून. आजोबांची पत्रं यायची, आई वाचून दाखवायची. मी नुसतं वाचल्यासारखं करायचे."

"वाचल्यासारखं," अंकल म्हणाले. आणि परत, "हं. वाचल्यासारखं."

चहाचे दोन कप केले होते. दुसरा मला दिला.

"आता खलास ऐकलं की काय विचारायचं?"

"कोणाचं?"

"बरोबर. कोणाचं."

गुरुवार, २५ सप्टेंबर

पाच दिवस उरले आणि सत्तावीस वह्या. अंकल बोलतात, मी टाइप करते, अडलं की विचारते. दर दोन ओळींना विचारते! निर्लज्जपणे! मजा येतेय! पण हिशेब केला — या वेगाने तिसऱ्या वहीपर्यंत पोचू. फार तर चौथ्या. अंकलना सांगितलं नाही. त्यांनाही कळत असणार.

दुपारी त्यांनी विचारलं, "तू ही डायरी लिहितेस ती मराठी कशी उमटते?" (डायरीचं त्यांना माहितेय! गाडीत लिहिते म्हणून सांगितलं होतं.) मी कीबोर्ड दाखवला. इंग्लिशमध्ये के एच ए दाबा, ख येतो.

"हे नको. सरळ क ख ग नाही?"

आहे की! दुसरा कीबोर्ड लावून दिला. मी तो कधीच वापरत नाही, अक्षरंच सापडत नाहीत. अंकलनी फोन हातात घेतला. ख. काना नाही, ल, काना, स. एक बोट, पण एकदाही थांबलं नाही. खलास. मी टाळ्या वाजवल्या. चष्म्याशिवाय! म्हटलं, अंकल, तुमचा नंबर लांबचा असणार.

"असेल," म्हणाले. मग, "तुझ्या मजलिसमध्ये हे चालतं? मराठी?"

"काहीही चालतं, अंकल. त्याला काय कळतंय!"

"कोणी हसणार नाही?"

"मराठीला? कोण हसेल? वाचता तरी येतं का कोणाला!"

जाताना माझ्याकडून तोच कीबोर्ड स्वतःच्या फोनमध्ये टाकून घेतला. आणि एक जुना टॅब्लेट मागितला, सोमवारी परत देतो म्हणाले. मी उझैरकडून मिळवून दिला. अंकल खूश. सिनेमा बघायचा असेल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

चौथी वही सुरू. अंकल आज सोळावीपासूनच्या, म्हणजे अलीकडच्या वर्षांच्या, सगळ्या वह्या लॉकरवाल्या खोलीत घेऊन बसले. मॅमना विचारून शनिवार-रविवारची ऑफिसची चावी पण घेतली. "आवराआवर," म्हणाले. मी येते म्हटलं तर, "नको बाय. आईजवळ थांब."

सोमवार, २९ सप्टेंबर

गाडीत. अजून शारजातच. फोन सकाळपासून वाजतोय, मजलिस, मजलिस, मजलिस. शनिवार आणि रविवार मिळून एकशे अठरा पोस्ट. सगळ्यांवर एकच नाव — ॲम्ब्रोज तुस्कानो. सगळ्या मराठीत. पहिलीचं टायटल: खलास म्हणजे कोणाचं. ट्रान्सलेटचं बटण खलासचं अजून "फिनिश्ड" करतंय, म्हणजे मी लागणार! उझैरने खाली लिहिलंय, "चाचा, आप तो टाइप करते हैं!!" शेवटची पोस्ट एकच ओळ. दोनदा वाचली, अक्षर न् अक्षर.

"इंग्रजी बोलायला शिकलो, लिहा-वाचायला नाही, अठ्ठावीस वर्षं कुणाला विचारलं नाही."

चष्मा अंकल कधीच विसरले नव्हते.